अंतर मांजराला ठरवू द्या

काजळीनं माझ्या मांडीवर पहिला पाय ठेवला तो ७८वा दिवस होता. मी जमिनीवर बसून प्रुफं वाचत होते. पेन्सिल होती तिथंच थांबवली. तिनं एक पाय ठेवला, दुसरा हवेत धरला, क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उतरून परत खोक्यात गेली. मी पुढची ओळ वाचायला घेतली. तिच्यामागे मान वळवली नाही, हाक मारली नाही, हात पुढे केला नाही.

हात पुढे करायचा नसतो हे मला भुरीमुळे कळलं. भुरी माझं पहिलं मांजर, काजळीच्या पाच वर्षं आधीचं. नवव्या दिवशी तिनं माझ्या बोटावरचं खाल्लं आणि मला इतका आनंद झाला, की त्याच दुपारी मी तिला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. तिनं अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले, पडद्यावरून सरसर चढली आणि वरच्या झडपेतून बाहेर उडी मारली. पुढे तीन आठवडे मी रोज रात्री वाटी घेऊन बाहेर उभी राहायचे. ती आली नाही. नऊ दिवसांत तिनं जेवढा विश्वास टाकला होता, त्याच्या कितीतरी पट मी एका मिनिटात मागून बसले होते.

त्याला आता ११ वर्षं झाली. मी घरी बसून मुद्रितशोधन करते, त्यामुळे मांजराजवळ तासन्‌तास गप्प बसायची मला सोय आहे. एवढ्या काळात १४ मांजरं माझ्या मागच्या खोलीत माणसाळली. पाच माणसाळली नाहीत, ती बाहेरच राहतात आणि रोज जेवायला येतात. या दोन्ही प्रकारांतून जे हाताला लागलं ते लिहिते आहे.

आधी मांजर ओळखा

बाहेर दिसणारं प्रत्येक मांजर रानटी नसतं. काही घरातून हरवलेली किंवा सोडून दिलेली असतात. ती घाबरतात, लपतात, पण माणूस काय असतो हे त्यांना माहीत असतं. दुसरी बाहेरच जन्मलेली, माणसाचा हात कधी न लागलेली. दुरून दोन्ही सारखीच दिसतात.

मी आवाज ऐकते. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याँव करत नाहीत, तो आवाज बहुतेक करून माणसासाठी राखलेला असतो. जे मांजर तुमच्याकडे तोंड करून म्याँव करतं, शेपटी उभी करून दोन पावलं येतं आणि परत मागे जातं, ते पूर्वी कुणाचं तरी होतं असं धरून चाला. अंगावरच्या केसांवरून मात्र फसायला होतं. सोडून दिलेलं मांजर बहुधा मळकं, विस्कटलेलं असतं, कारण त्याला बाहेर जगायची सवय नसते. पक्कं रानटी मांजर पुष्कळदा स्वच्छ, तुकतुकीत असतं. एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर त्याची नसबंदी झालेली आहे.

पिंजऱ्यात सापडल्यावर लगेच काही ठरवू नका. त्या वेळी गरीबातलं गरीब पाळीव मांजरसुद्धा फिसकारतं, अंग फुगवतं. तीन-चार दिवस गेले, की खरा स्वभाव दिसायला लागतो.

सगळ्यात जास्त फरक वयानं पडतो. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात पिल्लांवर बरंच काम केलं. माणसाची सवय लागायचा खरा काळ दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो, हे त्यातून पुढे आलं. म्हणून सहा आठवड्यांचं पिल्लू आठ-पंधरा दिवसांत अंगावर झोपायला लागतं, चार महिन्यांच्या पिल्लाला काही महिने लागू शकतात, आणि बाहेर जन्मून मोठं झालेलं मांजर कधी कधी अजिबात माणसाळत नाही. अशा मांजराला कोंडून घरात ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं. त्यात आपल्याला समाधान मिळतं, त्याला काहीच मिळत नाही. त्याची नसबंदी करावी, लस द्यावी, जिथून आणलं तिथंच सोडावं आणि रोज खायला घालावं. त्याच्यावर माया करायची ती एवढ्यातच करावी.

पिल्लाचं वय डोळ्यांवरून आणि दातांवरून कळतं. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, पुढचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला फुटतात, डोळ्यांचा निळा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यात बदलू लागतो. आठ आठवड्यांचं तब्येतीनं बरं पिल्लू साधारण किलोभर भरतं. एकटी पिल्लं दिसली म्हणून लगेच उचलू नका. आई बहुतेक शिकारीला गेलेली असते आणि तुम्ही जवळ उभे असाल तर ती येतही नाही. लांब जाऊन काही तास लक्ष ठेवा. चार आठवड्यांखालच्या पिल्लाला आईचं दूध आणि ऊब दोन्ही लागतं, बाटलीनं ती उणीव भरून काढणं फार जिकिरीचं असतं.

बाहेर असताना

वेळ एक, वाटी एक, आवाज एक. मी वाटीवर चमचा दोनदा वाजवते. आठवड्याभरात मांजर त्या वेळेला आधीच येऊन बसतं. वाटी दिवसभर ठेवून देऊ नका. अर्ध्या तासानं उचला, म्हणजे अन्न तुमच्याबरोबर येतं आणि तुमच्याबरोबर जातं हे त्याच्या लक्षात येतं. पाणी मात्र कायम भरलेलं असू द्या.

पहिले काही दिवस वाटी ठेवून निघून जा. मग इतक्या लांब बसा, की ते तुम्हाला बघूनही खाईल. माझ्या अनुभवात हे अंतर कधी दहा पावलं असतं, कधी तीस. ते निवांत खायला लागलं, की दुसऱ्या दिवशी वाटी वीतभर तुमच्या बाजूला सरकवा. वीतभरच. खाता खाता त्यानं मान वर केली, तुमच्याकडे टक लावली आणि चघळणं थांबलं, तर तुम्ही फार जवळ आलात. दुसऱ्या दिवशी दोन हात मागे जा. हे मागे जाणं लोकांना जड जातं. पण ज्यांना ते जमतं त्यांचं काम लवकर होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मोठ्या मांजराला दूध देऊ नका. बहुतेकांना ते पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं काहीही त्यांच्यासाठी विष आहे.

खोली

घरात आणायचं ठरलं, तर एक लहान खोली पुरते. लहानच बरी, मोठ्या घरात ते महिनोन्‌महिने कपाटामागेच राहतं. पलंगाखालची, कपाटामागची फट बंद करा. झडपा, खिडक्या, जाळ्या हातानं ढकलून तपासा. भुरी गेली त्या झडपेला कडी होती, मी ती लावली नव्हती. खोलीच्या दाराबाहेर आणखी एक दार बंद ठेवता आलं तर उत्तम.

लपायला मात्र जागा हवीच. मांजराला लपू दिलं तर ते कधी बाहेर येणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. घडतं उलटं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठानं २०१४ साली निवाऱ्यात नव्यानं आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास केला. ज्यांना लपायला खोकं दिलं होतं त्यांचा ताण पहिल्या दिवसांत लवकर उतरला. साधं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, दोन बाजूंनी भोक पाडा, भिंतीला लावून ठेवा. दुसरं भोक यासाठी, की आपण कोंडीत सापडलो असं त्याला वाटू नये. खोक्यात हात घालून मांजर कधीही ओढू नका. खोकं त्याचं आहे.

वाळूचा ट्रे जेवणापासून लांब ठेवा. बाहेरच्या मांजराला ती वाळू ओळखीची नसते. वर दोन मुठी बाहेरची माती टाकली, की ते उकरायला लागतं. वाटीखाली मी वापरलेली ओढणी घडी करून ठेवते. खाताना माझा वास नाकात जातो.

पहिले दोन-तीन दिवस फक्त अन्न, पाणी, ट्रे साफ करणं आणि बाहेर पडणं. खाल्लं की नाही हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. मोठं मांजर, त्यातही अंगानं भरलेलं, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत बिघडू शकतं. चोवीस तासांत घासही गेला नाही, तर पशुवैद्याला विचारा. लहान पिल्लाच्या बाबतीत तेवढाही वेळ थांबू नका.

नुसतं बसणं

खरं काम हे आहे. दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटं. जमिनीवर, भिंतीला टेकून, मांजराकडे एक कूस करून बसायचं. समोर तोंड करून नाही. खांदे सैल, हात मांडीवर उघडे. मी प्रुफं घेऊन बसते आणि हलक्या आवाजात वाचते, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. काय वाचता याला महत्त्व नाही. आवाज एका पट्टीत राहिला पाहिजे आणि तुमचं लक्ष खरोखर दुसरीकडे असलं पाहिजे. मांजराला टक लावून बघणारा माणूस दबा धरून बसलेला वाटतो. कागदात डोकं घातलेल्या माणसाचा त्याला धाक वाटत नाही.

मधूनच त्याच्याकडे नजर गेली तर डोळे हळू मिटा. पापण्या अर्ध्यावर आणायच्या, थोडं थांबायचं, पूर्ण मिटायच्या, सावकाश उघडायच्या आणि मान दुसरीकडे वळवायची. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठानं २०२० साली हे तपासलं. माणसानं असं केलं की मांजरंही तसंच उत्तर देतात, आणि अनोळखी माणसानं केलं तरी त्याच्याजवळ यायला जास्त तयार होतात. काजळीनं पहिलं उत्तर १९व्या दिवशी दिलं. खोक्याच्या काळोखात दोन हिरवे ठिपके होते. ते बारीक झाले, विझले आणि पुन्हा उजळले. मी त्या दिवशी तिथंच थांबले. वाटीत मांसाचा एक तुकडा ठेवला आणि उठून आले. चांगलं काही घडलं, की आणखी थोडं मिळवायचा मोह होतो. त्या मोहाला बळी पडू नका, बैठक तिथंच संपवा.

ते फिसकारलं तर रागावू नका आणि घाबरूनही जाऊ नका. फिसकारणं म्हणजे “तिथंच थांब” अशी विनंती आहे. थांबा, श्वास सोडा, मग सावकाश थोडे मागे व्हा. विनंती ऐकली जाते असं कळलं, की ते ती कमी वेळा करतं. खर्जातली लांब गुरगुर आणि चपटे झालेले कान मात्र गंभीर आहेत, तेव्हा त्या दिवसापुरतं आवरतं घ्या.

पहिला स्पर्श

हाताआधी चमचा. लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या, टोकाला मऊ वाटलेलं मांस लावा, जमिनीलगत सरकवा. दोन-तीन दिवसांत ते चाटायला लागतं. मग दांडी थोडी थोडी आखूड धरत जायची. काजळीच्या वेळी दांडी पूर्ण आखूड व्हायला २३ दिवस लागले.

मग बोट. मूठ सैल मिटून तर्जनीचं पेर पुढे करा, त्याच्या नाकाच्या उंचीवर, वीतभर अलीकडे. वरून हात कधीच नेऊ नका, वरून येतं ते झडप घालणारं असतं. नाकासमोर वीतभरातलं मांजराला नीट दिसतही नाही, तिथं ते वासावर आणि मिश्यांवर चालतं. म्हणून हुंगायला वेळ द्या. हुंगून त्यानं गाल बोटावर घासला, तर ती परवानगी. नुसतं हुंगून मागे झालं, तर आज नाही.

परवानगी मिळाली तर गाल, हनुवटी आणि कानाच्या मुळाशी तीनदा बोट फिरवा आणि हात मागे घ्या. तीनच वेळा. आता बघा ते काय करतं. पुढे झुकलं, डोकं हातावर ढकललं तर आणखी तीन. बसून राहिलं तर पुरे. पोट, पाय, शेपटीचं मूळ पुष्कळ महिने विसरा.

इथं बहुतेक लोक फसतात. मांजर गप्प आहे म्हणजे त्याला आवडतंय, असं समजतात. भीतीनं गोठलेलं मांजरही गप्पच असतं. अंग ताठ, पाय पोटाखाली आवळलेले, बुबुळं मोठी काळी, श्वास जलद, आणि तुमचा हात जिथं जाईल तिथली कातडी किंचित दबलेली. सुखावलेल्या मांजराचं अंग जड आणि सैल लागतं. पाठीवरची कातडी थरथरली, शेपटीचं टोक आपटायला लागलं, कान बाजूला फिरले, की हात काढा. घुरघुर ऐकून निर्धास्त होऊ नका, आजारी आणि घाबरलेली मांजरंही घुरघुरतात.

चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस हा चालढकल करायचा विषय नाही. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात आणि वरची जखम लगेच मिटते, आत पू होतो. भुरीनं चावल्यावर मी “छोटंसं तर आहे” म्हणून बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी अंगठा वाकेना. हे काम नेहमी करणार असाल तर रेबीजची लस आधीच टोचून घ्या.

पिल्लांचं वेगळं

मोठ्या मांजराला उचलायचं नाही, पण आठ-दहा आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला उचलावं लागतं. वाट बघत बसलात तर तो काळ हातचा निघून जातो. मऊ टॉवेलमध्ये तोंड बाहेर ठेवून गुंडाळा, छातीशी धरा, चमच्यानं काहीतरी चविष्ट चाटवा, शांत झालं की खाली ठेवा. कार्श यांच्या प्रयोगात दिवसाला चाळीस मिनिटं हाताळलेली पिल्लं पंधरा मिनिटं हाताळलेल्यांपेक्षा माणसाजवळ जास्त रमली. तेव्हा वेळ द्याच. चार भावंडं असतील तर दोन-दोनच्या जोड्या करा. चौघं एकत्र असली की त्यातलं भित्रं मागे लपतं आणि तसंच वाढतं.

खेळायला काठीला बांधलेलं पीस वापरा, बोटं कधीच नाही. आज गोड वाटणारं बोट चावणं वर्षभरानं रक्त काढतं. खेळ संपला की दोरी उचलून ठेवा. गिळलेली दोरी आतडं चिरू शकते.

डॉक्टर

घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला निदान दोन आठवडे वेगळं ठेवा. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची तपासणी, जंताचं औषध, लसी हे सगळं त्यात उरकतं. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजर दगावतं. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळीही जीव घेते. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्यानं, रोजच्या रोज साफ करावा.

नसबंदीला उशीर करू नका. भाटी चौथ्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. बोक्याचं फवारणं आणि मारामाऱ्याही नसबंदीनं पुष्कळ कमी होतात. शस्त्रक्रियेहून आल्यावर मांजर आठवडाभर तुमच्यापासून लांब राहील. चमच्यापासून पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदा सगळं फार लवकर होतं.

एका माणसापलीकडे

तुम्हाला सरावलेलं मांजर सगळ्या माणसांना सरावलेलं नसतं. काजळी माझ्या पायात घोटाळायची आणि दाराची कडी वाजली की कपाटावर जायची. मग माझ्या बहिणीनं रोज येऊन तिची संध्याकाळची वाटी ठेवायला सुरुवात केली, त्याच चमच्याच्या दोन टकटकींनी. त्या वेळी मी खोलीत जात नव्हते. सोळाव्या दिवशी काजळी तिच्यासमोर जेवली. पिल्लांना तर पहिल्याच महिन्यात चार-पाच वेगवेगळी माणसं भेटली पाहिजेत, त्यात एखादा जाड आवाजाचा पुरुष आणि एखादं शहाणं मूलही असू द्या. घर दाखवतानाही एकदम सगळी दारं उघडू नका. एक खोली, ती अंगवळणी पडली की पुढची. खोकं मूळ जागी राहू द्या.

कॅरिअर, म्हणजे मांजराला डॉक्टरांकडे न्यायची पेटी, मी पहिल्या दिवसापासून खोलीत उघडं ठेवते. आत ओढणी, कधी कधी खाऊ. काजळी माझ्याकडे आली त्याला आता सहा वर्षं झाली आणि अजून तिला उचलून घेता येत नाही. मी तसा प्रयत्नही करत नाही. ती रात्री माझ्या पायाशी, हातभर अंतर ठेवून झोपते. लसीच्या दिवशी मी कॅरिअरमध्ये मांसाचे चार तुकडे टाकते आणि प्रुफं घेऊन बाजूला बसते. पाचेक मिनिटांत ती आत जाते. मी दार लावते तेव्हा तिचं तोंड वाटीत असतं.